तर्री नाही, म्हणजे मटण नाही

आमच्या वऱ्हाडात मटण लपूनछपून शिजत नाही. अमरावतीत एखाद्याच्या अंगणात पातेलं चढलं, की तिकडे बडनेऱ्याच्या स्टेशनवर गाडीत बसलेल्या माणसाला भूक लागते. तीन विटांची चूल, चूल फुंकणारा एक, त्याला अक्कल शिकवणारे सात, आणि रश्श्यावर बोटभर लाल तर्री. ती तर्री एवढी लाल, की आमच्या एका मित्राने लाइट गेलेले असताना तिच्या उजेडात पेपर वाचला होता. खोटं वाटत असेल तर त्याला विचारा. तोही हेच सांगेल, कारण ही गोष्ट त्यानेच रचली आहे.

सांगायचा मुद्दा एवढाच, की लहानपणापासून माझ्या डोक्यात एक नियम पक्का बसला होता: तर्री नाही, म्हणजे मटण नाही. कोल्हापूरकडे पांढरा रस्सा असतो म्हणतात, पण कोल्हापूर आम्हाला तसंही परदेशच. या नियमाच्या भरवशावर मी खऱ्या परदेशात गेलो आणि सासूबाईंची अडतीस वर्षांची माळ जवळजवळ घालवून बसलो.

सासूबाई अकोल्याच्या. गळ्यात तुळशीची माळ. माझी बायको दहा वर्षांची असताना टायफॉइडने अंथरुणाला खिळली होती. डॉक्टरांनी मान हलवली, तेव्हा सासूबाईंनी देवाला सांगितलं, पोरगी उठू दे, मी जन्मभर मांस, मासा, अंडं तोंडाला लावणार नाही. पोरगी उठली. (ती आजही पहाटे साडेपाचला उठते आणि मलाही उठवते, तो भाग वेगळा.) गावातल्या सप्ताहात एका म्हाताऱ्या महाराजांनी सासूबाईंच्या गळ्यात माळ घातली. ते महाराज आता नाहीत. त्यामुळे ही माळ एकदा बाटली तर दुसरी त्या हातून मिळायची नाही, हे सगळ्या घराला माहीत होतं.

बरं, घरात दोन्ही साळे मटण खाणारे. म्हणून सासूबाईंचं भांडं वेगळं. स्वयंपाकघरात उंच खुंटीला, फडक्यात बांधलेलं एक पातेलं टांगलेलं असतं. त्याला सुनांनी हात लावायचा तर आंघोळ करून. मी जावई असूनही मला त्याच्याकडे फार वेळ बघायची परवानगी नाही.

आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली, तेव्हा बायकोने व्हिएतनामला जायचं ठरवलं. आणि आई कधी अकोल्याबाहेर पडलीच नाही, तिलाही नेऊ, असंही तिनेच ठरवलं. पंचविसाव्या वर्षी नवरा-बायकोने फिरायला जायचं आणि मध्ये सासूबाई, अशी सहल जगात फक्त आमच्याकडेच निघते. त्यांना विचारायला आम्ही अकोल्याला गेलो.

"तिथी लोक काय खातात?" सासूबाईंनी पहिलाच प्रश्न टाकला.

"भात," मी म्हणालो.

"भातासंगं?"

"भातासंगं... भाजीपाला."

"जावईबुवा, मले टीव्हीवर दिसलं. तिथी इंचू-किडे खातात."

"ते टीव्हीवाल्यायसाठी खातात, आई. घरी कोनी खात नाही."

सासूबाईंनी माळेवर हात ठेवला. "ह्याच्यात लेकीचा जीव हाय, बाप्पा. एका घासापायी मी तो पणाले लावनार नाही."

इथे मी बोलायला नको होतं. पण अमरावतीत माझं बी-बियाण्यांचं दुकान आहे, आणि आयुष्यभर शेतकऱ्यांना मी एकच शब्द विकत आलो आहे. तो तोंडातून सुटला. "आई, मी हाय ना! एकेका हॉटेलवाल्याले विचारीन, मंगच तुमच्या पुढी ताट ठेवीन. गॅरंटी!"

बायको म्हणाली, "यायच्या गॅरंटीनं मागच्या साली कोनाच्या तरी वावरात सोयाबीनच्या जागी नुस्तं गवत उगवलं होतं."

"पाऊस नव्हता," मी म्हणालो.

तरीही सासूबाई तयार झाल्या, आणि तयारीलाही लागल्या. दशम्या, जवसाची चटणी, ज्वारीचे पापडासारखे धापोडे, उन्हात वाळवलेल्या भरल्या मिरच्या. विमानतळावर सामान हुंगणाऱ्या कुत्र्याने आमच्या बॅगेला एकदाच नाक लावलं, दोनदा शिंकलं आणि तिथेच राजीनामा दिला. त्याला नंतर मी बाहेर रिक्षा स्टँडवर पाहिलं.

दा नांग नावाच्या समुद्राकाठच्या शहरात आम्ही उतरलो. पहिले दोन दिवस बायकोने किल्ला लढवला. हॉटेलच्या काउंटरवरल्या मुलीकडून तिने एका कार्डावर त्यांच्या भाषेत लिहून घेतलं होतं: मांस नको, मासा नको, अंडं नको, माशाचं पाणी नको. हे माशाचं पाणी म्हणजे खरी मेख. आपण मीठ टाकतो तसं ते लोक ते सगळ्यात टाकतात. पालेभाजीत, भातात, चटणीत. बायको कुठल्याही हॉटेलात शिरली की आधी ते कार्ड काढायची आणि वाढणारा माणूस ते कोर्टाच्या समन्ससारखं दोन्ही हातांनी धरून वाचायचा. मग आत जायचा, आचाऱ्याला बाहेर आणायचा, दोघं मिळून पुन्हा वाचायचे, आणि शेवटी भात, पालेभाजी आणि सोयाबीनचं पनीर यायचं.

सासूबाईंनी त्या पनीराला बोटाने ढोसून पाहिलं. "हे पनीर आजारी हाय काय व?"

"आई, पौष्टिक असते ते."

"आजाऱ्याले देत असतीन म्हनून."

पण त्या जेवल्या. दोन दिवस माळ सुखरूप होती, आणि मीही.

तिसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी जाहीर केलं, "आज पुनव हाय." कुठल्याही देशात न्या, त्यांच्या पिशवीत पंचांग असतं. त्यांनी हॉटेलच्या खोलीत तुपाची फुलवात लावली. छताचं धूर हुंगणारं यंत्र असं बोंबललं, की सहा मजले रिकामे झाले आणि समुद्र चार पावलं मागे सरकला. हॉटेलचा मॅनेजर धावत आला, वात पाहिली, हात जोडलेल्या सासूबाई पाहिल्या, आणि त्यानेही किंचित मान झुकवून खिडकी उघडून दिली. मला तेव्हा त्याचं नवल वाटलं नाही. वाटायला हवं होतं.

त्या दिवशी बायको रेशमी कापड बघायला गेली आणि जाताना कार्ड तिच्या पर्समध्येच गेलं. सासूबाई आणि मी बाजारात पायी निघालो. ऊन अकोल्याच्या मे महिन्याला लाजवील असं. (अकोल्याच्या माणसाने हे वाचलं तर तो माझ्यावर दावा लावील, म्हणून मागे घेतो. अकोल्याच्या मार्चला लाजवील असं.) बारा वाजता सासूबाई म्हणाल्या, "आता पाय उचलत नाही. काई तरी पोटात पायजे."

समोर एक बाई आपल्या टपरीपुढे पदपथावर मोठं पातेलं घेऊन बसली होती. माझ्याच वयाची, डोक्यावर टोपलीसारखी टोपी. गिऱ्हाइकांसाठी प्लास्टिकची स्टुलं, पण एवढी बुटकी, की मी बसलो तेव्हा माझे गुडघे कानांना लागले. वर एका दोरीला पिवळा कागद लटकवलेला, त्यावर हाताने दोन शब्द लिहिलेले. मला वाटलं, सेल लागला असेल. मी पातेल्यात डोकावलो. स्वच्छ, पारदर्शक रस्सा. तळ दिसत होता. मुळ्याचे तुकडे, मक्याचं कणीस, अळिंबी. लाल रंगाचा ठिपका नाही.

नियम पक्का. तर्री नाही, म्हणजे मटण नाही.

बाई माझ्याकडे बघून काहीतरी लांबलचक बोलली, हसली आणि पिवळ्या कागदाकडे बोट केलं. मी तज्ज्ञासारखी मान डोलावली आणि दोन बोटं दाखवली.

"इचारलं?" सासूबाई.

"इचारलं."

"काय म्हनली?"

"म्हनली, निस्ता भाजीपाला हाय. गॅरंटी."

सासूबाईंनी एक वाटगा संपवला आणि दुसरा मागवला. "असा कढ आमी बाळंतिनीले पाजत होतो. गुनाची हाय ही बाई." तीन दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर तजेला आला. मीही मनातल्या मनात स्वतःचा सत्कार केला, हार घातला, नारळ दिला.

दुसरा वाटगा खाली ठेवताना त्यांची नजर बाईच्या मागच्या फळीवर गेली.

"जावईबुवा, त्या बाटलीवर काय हाय?"

"फोटो हाय."

"कायचा?"

मी बघितलं. बाटली मोठी होती, अर्धी रिकामी होती, आणि फोटोतला मासा माझ्याकडेच बघत होता.

"मासोईचा," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार? डोळे त्यांनाही होते.

  सासूबाईंनी पदराने तोंड पुसलं, दोन्ही हातांनी माळ डोक्यावरून काढली, कपाळाला लावली आणि कुंकवाच्या बटव्यात ठेवून दिली. गळ्याभोवती अडतीस वर्षांत ऊन न लागलेला एक फिका पट्टा उघडा पडला. मला तिकडे बघवेना.

"आई, बाटली हाय म्हंजे टाकलंच असन असं नाही..."

"तुमी तर इचारलं होतं ना?"

"हो."

"मंग तुमचा काय दोष? बाईच खोटं बोलली असन." त्यांनी उठता उठता तिच्याकडे पाहिलं. "लेकराबाळाची असन. देव तिचं भलं करो. पन माह्यासंगं असं कराले नोको होतं तिनं."

बाई बिचारी हसून हात हलवत होती.

त्या दिवसापासून सासूबाईंनी फक्त केळी आणि धापोडे खाल्ले. बायकोला एवढंच कळलं, की नवऱ्याने विचारूनही एका बाईने फसवलं. तीही हॉटेलात बसल्या बसल्या त्या बाईला चार शब्द बोलली. माझ्या एका खोट्यापायी आमची दोन माणसं परक्या मुलखातल्या एका गरीब बाईला दूषणं देत होती आणि मी मान खाली घालून केळी सोलत होतो.

पण खरं संकट वेगळंच होतं. सासूबाई दर अर्ध्या तासाने बायकोच्या कपाळाला हात लावायच्या.

"अंग गरम लागून राहिलं काय व तुहं?"

"नाही आई."

"जीभ दाखव."

"आई, मी अठ्ठेचाळीस वर्षांची हाय!"

"तवा दहाची होती. दाखव."

चौथा दिवस असा गेला. पाचव्या दिवशी पहाटे बायकोला सटकन शिंक आली. मग दुसरी. एसीने आली असणार, पण सासूबाई पलंगावर उठून बसल्या, आणि त्यांचा हात गळ्याकडे गेला. तिथे काहीच नव्हतं. तो हात तसाच राहिला. आयुष्यात मी पुष्कळ थापा मारल्या आहेत, पण अशी कुठलीच नाही जी एवढ्या लांब जाऊन कुणाला लागली असेल.

मी बायकोचा फोन आणि कार्ड घेतलं आणि "चहा पाहून येतो" म्हणून बाहेर पडलो. ही त्या सहलीतली माझी शेवटची थाप.

बाई चूल पेटवत होती. पिवळा कागद आज नव्हता. मी कार्ड दाखवलं आणि फोनमध्ये मराठीत बोललो, "परवा दुपारी आम्ही जो रस्सा खाल्ला, त्यात मासा होता का? खरं सांगा. रागावणार नाही. उलट मीच चुकलो आहे." फोन तिच्या भाषेत बोलला. बाई आधी दचकली, मग हसली. इतकी हसली, की टोपी मागे घसरली. तिने फळीवरून तो पिवळा कागद काढला आणि माझ्यापुढे धरला. मग भिंतीवरच्या रोज फाडायच्या कॅलेंडरकडे गेली. परवाचं पान तिने मिरच्या गुंडाळायला वापरलं होतं. मिरच्या ओतून तिने ते पान सपाट केलं. मोठ्या आकड्याच्या खाली छोट्या अक्षरात दुसरा आकडा होता: पंधरा. तिने पेन घेऊन शेजारी एक गोल काढला. पूर्ण, गरगरीत गोल.

मग फोन तिचं बोलणं मराठीत सांगू लागला. महिन्यातून दोन दिवस, अमावस्येनंतर नवा महिना लागतो त्या दिवशी आणि चंद्र पूर्ण असतो त्या दिवशी, ती मांस-मासा शिजवत नाही. तिची आईही शिजवत नव्हती. निम्मं गाव त्या दिवशी भाजीपालाच खातं. म्हणून तर तो कागद लावते. "मी तुम्हाला सांगितलं होतं," फोन म्हणाला, "तुम्ही मान हलवली."

आज पुनव हाय. फुलवात. मान झुकवणारा मॅनेजर. मी त्या बुटक्या स्टुलावर बसलो आणि गुडघ्यांत डोकं घातलं. अंगावरून दोन दिवसांचं ओझं असं उतरलं, की स्टूल मोडलं असतं. मोडलंच, खरं म्हणजे. त्याची भरपाई तिने घेतली नाही.

हॉटेलात परत आलो, तेव्हा बायको आंघोळीला गेली होती. सासूबाईंना सगळं सांगितलं. गोल काढलेलं पानही दाखवलं. त्यांनी पान हातात घेतलं, पंचांग उघडून ताडून पाहिलं, आणि माझ्याकडे पाहिलं.

"त्या दिवशीही तुमी इचारलं होतं. आता पुन्हा इचारलं म्हनता. कोनतं खरं समजू?"

"आई," मी म्हणालो, "त्या दिवशी मी इचारलंच नव्हतं."

आत न्हाणीघरातला नळ चालूच होता. सासूबाईंनी चपला घातल्या. "चाला," म्हणाल्या. "मी सोता पायते."

त्या बाईसमोर जाऊन त्यांनी फोनकडे ढुंकूनही पाहिलं नाही. थेट पातेल्याकडे बोट केलं. बाकीच्या दिवशी ह्याच्यातच मासोई शिजते ना मग, असा त्यांचा हाताने विचारलेला प्रश्न मलाही कळला. बाईलाही कळला. ती स्टुलावर चढली आणि छताजवळच्या खुंटीवरून एक बोचकं काढलं. गाठ सोडली. आत एक वेगळं पातेलं, घासून लख्ख केलेलं. सोबत वेगळा डाव. तिने पातेल्यावर तळहात ठेवला, मग हवेत बोटाने गोल काढला. त्या दिवसाचं भांडं.

सासूबाईंनी पातेलं नाकाजवळ नेलं. उलटं करून पाहिलं. फडक्याच्या गाठीकडे पाहिलं. आणि तिथेच, पदपथावर, त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"भांडं येगळं हाय," त्या मला म्हणाल्या. "खुंटीले टांगते. माह्यासारखंच."

मग त्यांनी स्वतःचे दोन्ही कान पकडले आणि त्या बाईपुढे हात जोडले. बाई गोंधळली, पण तिनेही हात जोडले. परवा जी दूषणं दिली होती ती सासूबाईंनी अशी परत घेतली, आणि ती नेमकी कुणामुळे द्यावी लागली हे दाखवायला एक कटाक्ष माझ्याकडे टाकला. बटव्यातून माळ काढून तिथल्याच पाण्याने धुतली, डोळ्यांना लावली आणि गळ्यात घातली. फिका पट्टा झाकला गेला. मी इतका मोठा श्वास सोडला, की पदपथावरच्या तीन टोप्या उडाल्या. पिशवीतले उरलेले धापोडे आणि जवसाच्या चटणीची पुडी सासूबाईंनी त्या बाईच्या हातात कोंबली. बाईने चटणी बोटावर घेऊन चाखली. तिचा चेहरा आमच्या तर्रीच्या रंगाचा झाला, आणि ती "अजून" अशी खूण करू लागली.

परत निघताना सासूबाई म्हणाल्या, "ती बाई मासोई खाते, विकते. तरी महिन्यातले दोन दिस पायते. अन् तुमी?"

"मी पन पायीन, आई. पुनव अन् अमावस्या. ग..."

"तो शब्द नोका सांगू."

मी तो गिळला. पण दोन दिवस पाळतो आहे. परतवाड्याच्या रस्त्यावर मित्रांनी चूल मांडली असताना पौर्णिमेला मी बाजूला बसून भरीत-भाकर खातो. त्यांची तर्री डोळ्यांसमोर चमकत असते. मी पेपर वाचतो.

मागच्या महिन्यात अकोल्याला गेलो, तर सासूबाईंकडे शेजारच्या चार बायका जमलेल्या. माळकरी बाईला तिथे खायला काय मिळालं, हे ऐकायला. सासूबाई पाटोडीची भाजी वाढता वाढता सांगत होत्या, "एका बाईच्या भांड्याची मले शंका आली, तर माहे जावई पहाटी उठून एकटे गेले, अन् तिले शोधून इचारून आले. असा जावई भेटाले पुन्य लागते, बाप्पा."

त्यात एक शब्द खोटा नव्हता. फक्त एक दिवस गाळला होता. बायको माझ्याकडे अभिमानाने बघत होती, तिला अजूनही तो दिवस ठाऊक नाही. मी खाली बघून जेवत होतो. सासूबाई माझ्या ताटाशी आल्या, पळी धरून थांबल्या, आणि फक्त मला ऐकू येईल असं म्हणाल्या, "वाढू काय? का इचारून घेता?"

आता हे छापून आलं म्हणजे बायको वाचेलच. त्यापेक्षा आजच सांगून टाकतो. पुढच्या खोलीत ती आहे. खोकते आहे, पण तो निव्वळ खोकला आहे. माळ जागेवर आहे, मी विचारून घेतलं आहे.